जीभ दाखवा, काकू

टिपणीसने मला पहिल्यांदा जीभ काढायला सांगितली ती लिफ्टमध्ये. मी बासष्ट वर्षांची होते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि शेजारी चौथ्या मजल्यावरचे इजिप्शियन गृहस्थ उभे होते. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला असं कुणी सांगत नाही. पण त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी काढली. इजिप्शियन गृहस्थांनी छताकडे पाहिलं.

"कडेला दातांचे ठसे आहेत," टिपणीस म्हणाला. "प्लीहा दमलीय, काकू. फार विचार करता तुम्ही."

"मी आत्ता फक्त कोथिंबिरीचा विचार करत होते."

"तोच बंद करा. नो थिंक!"

ईशा, निखिल, त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तुम्ही कॅनडाहून आलात तेव्हा याच टिपणीसकाकांनी तुम्हाला गॅलरीत रांगेत उभं करून जिभा तपासल्या होत्या. ईशा, तू त्याच्या तोंडावर म्हणालीस, "आजी, ही इज सो वियर्ड." वियर्ड तो होताच. पण तुम्ही अर्धाच टिपणीस पाहिलात. उरलेला मी लिहून ठेवते आहे.

दुबईत, अल मनखूलमध्ये, तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. एसी आणि प्लंबिंगचा इंजिनियर. दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली आणि शहरातल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या, तेव्हा मरीनामधला त्याचा टॉवर एकतिसाव्या मजल्यावर थांबला आणि त्याचे पाइप एकोणिसाव्या. कंपनीने त्याला अर्ध्या पगारावर ठेवलं, पण मुलाची फी आणि घरभाडं देणं बंद केलं. एप्रिलमध्ये त्याची बायको वृंदा आणि मुलगा केदार नाशिकला परत गेले. वृंदाला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली, केदार दहावीत गेला. टिपणीस रोज सकाळी पिवळं हेल्मेट घालून एका रिकाम्या इमारतीची राखण करायला जाऊ लागला.

त्याच उन्हाळ्यात त्याचा मधुमेह वाढला, आणि कुणीतरी त्याला लिनबाई नावाच्या चिनी वैद्यांकडे पाठवलं. रास अल खोर ओलांडून पुढे चिनी माणसांची वस्ती आहे, तिथे त्यांचा दवाखाना होता. परत आला तो वेगळाच माणूस.

"काकू, चिनी लोकांनी या रोगाला दोन हजार वर्षांपूर्वी नाव दिलंय. झिजवणारी तहान! आणि सगळं शास्त्र म्हणजे प्लंबिंग आहे हो. शरीर ही तीन मजली इमारत. वरच्या मजल्यावर फुप्फुस तापलं की तहान. मधल्या मजल्यावर जठर तापलं की भूक. तळमजल्यावर मूत्रपिंड दमलं की बाथरूमच्या फेऱ्या. आणि मधल्या मजल्यावरचा पंप म्हणजे प्लीहा. काळजी केली की पंप बसतो, खाल्लेल्याची ताकदच होत नाही!"

"आणि आपल्या बिल्डिंगखालच्या डॉक्टरांच्या गोळ्या?"

"त्या चालूच. लिनबाई स्वतः म्हणाल्या, टॅब्लेट नो स्टॉप."

त्यानंतर ऑगस्टच्या उन्हात तो थर्मासमधून गरम पाणी पिऊ लागला. आमच्या फ्रिजमधली बाटली दिसली की डोळे मिटून घ्यायचा. चिनी कंद मिळेना म्हणून सुरणाची पेज करायचा. लिनबाईंनी कारलं खायला सांगितलं तेव्हा तर धावत आमच्याकडे आला, "काकू, चीनमध्येसुद्धा कारलंच!" वृंदा त्याला बारा वर्षं कारलं खा म्हणत होती. पण ती नाशिकची. तिच्या कारल्यामागे दोन हजार वर्षांची परंपरा नव्हती.

बिचारीला तो रोज फोनवर आरशासमोर उभी करून जिभेचं वर्णन करायला लावायचा. आमच्या दारातून ऐकू यायचं, "साय किती जाड आहे? अगं दुधावरची नाही, जिभेवरची!"

मग नाडी आली. तीन बोटं मनगटावर, डोळे घड्याळावर. डावा हात अर्धा मिनिट, उजवा हात अर्धा मिनिट. इंजिनियर माणूस, एक सेकंद जास्त नाही. वॉचमनची पाहिली, इस्त्रीवाल्याची पाहिली. फक्त तुमचे आजोबा दाद देईनात. "लग्न झाल्यापासून मी या घरात जीभ बाहेर काढलेली नाही. आता या वयात कशाला?"

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बरोबर साडेबाराला टिपणीस दार वाजवायचा. आम्ही जेवायला बसत असायचो. तो टेबलाजवळ उभा राहून माझी जीभ बघायचा, आमटीत गूळ किती विचारायचा, आजोबांच्या ग्लासातल्या बर्फाबद्दल दुःख व्यक्त करायचा. बस म्हटलं की, "नको काकू, माझी पेज झालीय." तरी पाच-दहा मिनिटं तिथेच उभा. मला ते खटकायचं. जेवणाच्या वेळी दुसऱ्याच्या ताटात बघू नये, हे मी पहिलीतल्या मुलांना शिकवत आले.

जानेवारीत वृंदाचा मला फोन आला. "काकू, हे रोज मला साखर एकशे वीस सांगतात. रोज एकशे वीस कशी असेल? तुम्ही बघाल का जरा?"

मी पलीकडे जाऊन त्याचं मशीन मागितलं. दोनशे सत्तर.

"तिला सांगू नका, काकू," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने माझ्या जिभेकडे बघितलं नव्हतं. "ती सगळं सोडून येईल, नाहीतर मलाच परत बोलावेल. ही नोकरी सोडली तर दुसरी कुठेय? केदारची दहावी होईपर्यंत थांबा. त्यानंतर दोघं येणार आहेत. तोवर मी खाली आणतो."

"केदारचा शेवटचा पेपर होईल त्या दिवशी खरा आकडा तू तिला सांगायचास," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन. तोवर मी फक्त एवढंच कळवते, की तू औषध घेतो आहेस." मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईला तर फारच माहीत आहे.

आणि हे लिनबाई प्रकरण काय आहे ते स्वतः बघावं, म्हणून गुडघ्याचं निमित्त करून त्या गुरुवारी दुपारी मी त्याच्याबरोबर गेले.

लिनबाई माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, टेबलावर सगळं ओळीत. मला एकदम आवडल्या. त्यांनी टिपणीसचं मनगट उशीवर ठेवलं, तीन बोटं टेकवली आणि गप्प बसल्या. घड्याळ नाही, काही नाही. फार वेळ गेला.

"ताणलेली तार," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. "सहा महिने तेच. तू सांगतोस, वाइफ सूप करते, सन समोर बसतो, सगळे मिळून जेवता, हसता. तुझी नाडी म्हणते, नाही."

टिपणीस भिंतीवरच्या तक्त्यातला ठिपक्याठिपक्यांचा माणूस बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू मदर? हा फॅमिलीबरोबर जेवतो?"

"येस," मी म्हटलं. "एव्हरी डे. अॅट माय टेबल."

माझा आवाज जराही हलला नाही. आश्चर्य वाटलं मला माझं.

परत येताना गाडी तोच चालवत होता. समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "ओट्याशी उभा राहून जेवतो, काकू. पातेल्यातूनच. टेबलाशी बसलं की समोरच्या दोन खुर्च्या दिसतात. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, एकटं जेवायचं नाही, जेवताना काळजी करायची नाही, ते औषधाइतकंच महत्त्वाचं. मला खरं सांगायची लाज वाटली."

शुक्रवारी साडेबाराला तो आमच्या टेबलाशी का उभा राहायचा, ते मला तेव्हा कळलं. मी खिडकीबाहेर बघितलं. माझा चष्मा पुसायचा होता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण तुम्ही खोटं बोललात, काकू."

"मुळीच नाही. आज साडेसातला ये. पान वाढलेलं असेल."

"येतो, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नाही. साडेसात."

तेव्हापासून आमच्याकडे रोज तीन पानं. आजोबांची फार पंचाईत झाली. बर्फ गेला, श्रीखंड गेलं, आणि एक दिवस वैतागून त्यांनी जीभ काढलीच. टिपणीसने ती दोन मिनिटं न्याहाळली आणि म्हणाला, "काका, उत्तम आहे. अजिबात वापरलेली नाही." आजोबा मनापासून हसले. पुढे दोघं जेवणानंतर बिल्डिंगला पाच फेऱ्या मारू लागले.

मी त्याच्या पानाशेजारी एक डबी ठेवली, वर लेबल लावून: गोळ्या, जेवणाआधी. पहिल्या आठवड्यातच कळलं की या 'नो स्टॉप' गोळ्या त्याच्या आठवड्यातून चार दिवस राहून जात होत्या. पातेल्यातून जेवणाऱ्याला जेवणाआधी आणि नंतर कुठलं?

मार्चमध्ये साखर एकशे पंचेचाळीसवर आली. खालचे केरळी डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी. टिपणीस म्हणाला, प्लीहेने. आजोबा म्हणाले, फेऱ्यांनी. मी डब्यांना लेबलं लावत होते, मला कुणी विचारलं नाही.

केदारचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी टिपणीसने आमच्या फोनवरून वृंदाला दोन्ही आकडे सांगितले, आधीचा आणि आताचा. मग ती काहीतरी बोलली आणि त्याने फोन माझ्याकडे दिला.

"काकू," ती म्हणाली, "आमटीत गूळ घालता ना? त्यांना त्याशिवाय चालत नाही."

"चिमूटभर," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये आम्ही सगळे विमानतळावर गेलो. केदार बापाच्या खांद्याच्या वर गेला होता. वृंदाने ट्रॉली सोडली आणि ती दोघं एका वर्षाने समोरासमोर उभी राहिली. मग टिपणीसने तिचा डावा हात घेतला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली.

"अहो, लोक बघतायत," वृंदा म्हणाली.

"नाडी बघतोय," तो म्हणाला. "बोलू नकोस."

केदार म्हणाला, "बाबा, सीरियसली?" मी त्याच्या हातात ट्रॉली दिली आणि त्याला पार्किंगकडे घेऊन गेले. वळून पाहिलं तेव्हा टिपणीसने तिचा हात अजून सोडला नव्हता, आणि घड्याळाकडे तो बघतच नव्हता.