वाकडेपणाचा अधिकृत नमुना

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, वॉशबेसिन आणि कमोड बनवणारी एक जुनी कंपनी आहे. माल तिरपा असल्याची तक्रार तिच्याकडे आजवर एकदाच आली होती, आणि चौकशीअंती ग्राहकाच्या घराची फरशीच तिरपी निघाली. अशा कंपनीत भास्कर सरपोतदार हा सांगलीचा इंजिनिअर कामाला होता. वाकडे काही बाहेर जाऊ नये, एवढेच त्याचे काम होते आणि ते तो घरीही करी. त्याच्या लग्नाच्या फोटोत ऊर्मिला कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे आणि तो मागचा पडदा सरळ लागला आहे का ते पाहतो आहे.

सगळे सुरळीत चालले असताना डिझाइन विभागाच्या प्रमुख फ्राउ विंटरमान सुट्टीत कोरियाला गेल्या. सोलच्या एका संग्रहालयात त्यांनी पांढऱ्या चिनी मातीचा एक जुना, भलामोठा घट पाहिला. कोरियन लोक त्याला चंद्रघट म्हणतात. कुंभार दोन मोठे वाडगे करून तोंडाला तोंड लावून जोडत. भट्टीत तो सांधा किंचित बसे, घटाचे पोट एका बाजूला जरासे उतरे, आणि तेच त्याचे सौंदर्य समजले जाई. त्या घटासमोर आपण रडलो, हे बाईंनी परत आल्यावर मीटिंगमध्ये स्लाइडसह सांगितले.

"आपण इतकी वर्षं चुकत होतो," त्या म्हणाल्या. "गोलपणा ही एक प्रकारची हिंसा आहे."

इतकी वर्षे ही हिंसा करून पेन्शनीला टेकलेली मंडळी खाली बघू लागली. कंपनीने आधुनिक घरांसाठी चंद्रघटापासून प्रेरित मालिका काढावी असा ठराव झाला. आधी घट, मग वॉशबेसिन. कमोडबाबतचा निर्णय पुढे ढकलण्यात आला.

भास्करने हात वर केला. "आल्झो, म्हणजे नक्की किती वाकडा?"

"मनाला भावेल तितका."

"कोणाच्या मनाला?"

या प्रश्नासाठी समिती नेमावी लागली. समितीने घटांचे असंख्य फोटो पाहिले, एका मानसशास्त्रज्ञाचे मत घेतले आणि कल ठरवला: डावीकडे चार मिलिमीटर, एक दशांश इकडे किंवा तिकडे. त्यावर देखरेख ठेवायला भास्करची बढती झाली. 'शीफहाइट्सबेआउफट्राग्टर', म्हणजे वाकडेपणासाठी जबाबदार अधिकारी, असे त्याच्या नव्या व्हिजिटिंग कार्डावर आले. पद मावावे म्हणून कार्ड लांब करावे लागले.

"म्हणजे आता तुमच्याकडे वाकडं झालेलं चालतं?" ऊर्मिलाने विचारले.

"चालतं काय, झालंच पाहिजे. फक्त सांगू तसं झालं पाहिजे."

तसे ते होईना. भट्टीला कित्येक वर्षांचे वळण होते, त्यामुळे पहिल्या खेपेतले बरेच घट निर्दोष गोल निघाले. सदोष म्हणून ते फोडण्यात आले. पुढच्या खेपेतले घट आपापल्या मर्जीने कलले. त्यांनाही बेशिस्त म्हणून फोडण्यात आले. शेवटी साचाच वाकडा केला, तेव्हा सगळे घट हुबेहूब एकसारखे वाकडे आले आणि कंपनीने केक कापला. मग ग्राहकांची कुरकुर सुरू झाली, की वाकडेपणा कसा प्रत्येकाचा स्वतःचा हवा. म्हणून तो संयत, चिंतनशील आणि उत्कट अशा तीन प्रकारांत देण्यात आला. सुरक्षा विभागाला घट कलंडण्याची भीती वाटली, म्हणून बुडात वजन घातले. आत पाणी घातल्यास सांधा पाझरेल या भीतीने आत काहीही ठेवू नये अशी सूचना दिली आणि तिला 'रिकामेपणाचा आदर' असे नाव दिले. एवढे करून कुणी घट परत करू नये म्हणून बुडाशी शिक्का मारला: 'या घटाचा कल हेतुपुरस्सर आहे.'

भास्करची मुलगी अन्वी चौथीत होती. तिला मराठी सगळे समजे, पण ती उत्तर जर्मनमध्ये देई, आणि बहुतेक वेळा तिचे उत्तर 'वारूम?' असे असे. वारूम म्हणजे का. एकदा जेवताना भास्करने तिला दोन वाडग्यांची गोष्ट सांगितली. तिने चमचा खाली ठेवून ती ऐकली. पुढे शाळेत मातीकाम आले तेव्हा तिने दोन वाडगे केले, तोंडाला तोंड लावून जोडले आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. शाळेच्या भट्टीतून घट निघाला तो शेजाऱ्याच्या दाराला कान लावून उभ्या माणसासारखा कललेला. तिने तो जॅकेटमध्ये गुंडाळून ट्राममधून मांडीवर घेऊन आणला. दिवाणखान्यातल्या पांढऱ्या शेल्फवर, मधल्या जागी तो ठेवायचा, म्हणजे येणाऱ्यांना दिसेल, एवढेच तिचे म्हणणे होते.

मधली जागा रिकामीच होती. ऊर्मिलाने ती कंपनीच्या घटासाठी राखून ठेवली होती.

भास्करने अन्वीचा घट हातात घेतला. त्यावर तिच्या अंगठ्याचे ठसे होते. खरे सांगायचे तर त्याला भरून आले. मग त्याने व्हर्नियर काढला.

"वारूम?" अन्वीने विचारले.

"बघू या ना, किती आहे ते." त्याने मापले. "अगं, सतरा. आणि तोही उजवीकडे."

आपल्या हातून चूक नको म्हणून सोमवारी त्याने तो कंपनीतल्या यंत्रावर ठेवला. यंत्राला तो घट आहे हेच ओळखता आले नाही. फ्राउ विंटरमान यांनी मात्र तो प्रेमाने पाहिला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण यात हेतू नाही. डिझायनर वाकडं करतो तो निर्णय असतो. मुलांच्या हातून होतो तो अपघात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," भास्कर म्हणाला.

त्या आठवड्यात कंपनीचा चिंतनशील घट शेल्फवर मधोमध बसला. अन्वीचा तात्पुरता तळघरात, हिवाळी टायर आणि रिकाम्या सुटकेसच्या मध्ये गेला.

रविवारी लुडविग्सहाफेनहून प्रताप आणि चारुलता हे स्नेही जोडपे जेवायला आले. चारुलता घटासमोर थबकली. "ऊर्मिला, काय वाबी-साबी आहे गं हे."

"ते जपानी. हे कोरियन," भास्कर म्हणाला.

"तेच ते. पण काय पीस आहे. परफेक्ट नाहीये हेच किती छान ना. आपण उगाच सगळं परफेक्ट करायच्या मागे लागतो." तिने घटाच्या उतरत्या पोटावरून हात फिरवला. "अन्वीचं काय, चौथीनंतर हुशार मुलांच्या शाळेत, गिम्नाझियमला, जायची शिफारस मिळेल ना?"

"टीचर म्हणतात, अक्षर तिरकं येतं. आणि गणितं स्वतःच्याच पद्धतीने सोडवते," ऊर्मिला म्हणाली.

"क्लास लाव बाई. आत्ताच सरळ केलं पाहिजे, नंतर फार जड जातं," प्रताप म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि श्रीखंड घेतले.

अन्वी शेल्फकडे बघत होती. तो वाकडा चालतो तर माझा का नाही, असे तिने जर्मनमध्ये विचारले.

"त्याला सर्टिफिकेट आहे, राजा," भास्कर म्हणाला. कंपनीत ग्राहकांशी बोलताना लावायचा आवाज त्याने लावला होता.

त्यानंतर अन्वीने बाबांकडे कंपनीच्या घटाचे ड्रॉइंग मागितले. भास्करला एवढा आनंद झाला की त्याने तिला पुठ्ठ्याचा साचाच कापून दिला. तिने दुसरा घट केला. पुठ्ठा लावून लावून, जास्तीची माती पट्टीने खरवडून, अंगठ्याचे ठसे ओल्या स्पंजने पुसून. यंत्रावर हिरवा दिवा लागला: डावीकडे चार. विभागातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'निरागस हातांचा स्पर्श' या मथळ्याखाली घटाचा फोटो कॅटलॉगमध्ये गेला. शिफारसही मिळाली.

आता शेल्फवर दोन घट आहेत. बूड उलटून पाहिल्याशिवाय कोणता कुणाचा ते ओळखू येत नाही, म्हणून ऊर्मिलाने एकाखाली चिठ्ठी चिकटवली आहे.

"तुला कुठला जास्त आवडतो गं?" भास्करने एकदा कौतुकाने विचारले.

"एगाल," अन्वी म्हणाली. म्हणजे, कुठलाही चालेल. वारूम ती हल्ली विचारत नाही, आणि शाळेने प्रगतिपुस्तकात तशी समाधानाची नोंद केली आहे.

एव्हाना ज्यांचे भास्करला हसून झाले असेल, त्यांनी जरा आपल्या दिवाणखान्यात जावे. दूरच्या कुठल्याशा गावातल्या अनोळखी माणसाने केलेली, मुद्दाम थोडी ओबडधोबड अशी एखादी वस्तू तिथे मांडलेली असेलच. पाहुण्यांना दाखवताना आपण तिच्यावरून हातही फिरवतो. मग आपल्या मुलाने शाळेतून आणलेली मातीची वस्तू शोधावी. तळघर नसेल तर माळ्यावर पाहावे. नाही सापडली, तर कुठे ठेवली होती म्हणून मुलाला विचारू नये. त्याला ते पक्के ठाऊक आहे.