कुसकुसचे पाव्हणे

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्यावं, शब्दही साधेच आहेत. तासगावात हणमंतच्या घरी भाजलेल्या भाज्यांनी कुसकुससोबत एका ताटात बसायला नकार दिला, त्याची ही गोष्ट.

हणमंतची नवी वहिनी, शलाका, लग्न होऊन पुण्याहून आली तेव्हा तिच्या बॅगेत कुसकुसचं पाकीट होतं. रव्यासारखेच दाणे, जरा टपोरे. दोन महिने ते फडताळात तसंच पडून होतं. वहिनीशीही घरात कामापुरतंच बोलणं व्हायचं. सगळ्यांची जेवणं उरकली की ती एकटी बसायची. आता तिने बॅग भरली होती. सकाळी सातच्या गाडीने माहेरी. परत कधी, ते सांगितलं नव्हतं. तिला थांबा म्हणायला हणमंतची जीभ रेटेना, म्हणून संध्याकाळी त्याने पाकीट फोडलं.

वांगं, गाजर आणि ढोबळी मिरची त्याने तेल-मीठ लावून तव्यावर कडा करपेपर्यंत भाजली. कुसकुसवर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं. ते छान फुललं. भाज्या मात्र ताटात उतरेनात.

"कुणाचं म्हणायचं हे?" वांग्याने विचारलं. "गाव कुठलं, पाव्हणं कोण?"

हणमंतने रव्याच्या डब्याला साक्षीला बोलावलं. रव्याने आढेवेढे घेतले. भाऊबंदातलं आहे हे खरं, पण आम्हाला घाम निघेस्तोवर परततात आणि याला नुसतं गरम पाणी, हे काही बरं नाही, असं तो म्हणाला. तेवढ्यावर गाजराचं समाधान झालं, मिरचीचं अर्धं झालं.

"नातं कळलं," वांगं म्हणालं. "पण घरातलं कुणी याला या, बसा म्हणालंय का? म्हणालं असेल तर आम्ही कोण अडवणार?"

कुणी म्हणालं नव्हतं. हणमंतने घसा खाकरला. वहिनी दारात उभी होती.

"हे आमच्या घरचं आहे," तो ताटाकडे बघत म्हणाला. "आमच्याच पंगतीला बसेल. वहिनी, तुम्हीपण बसा. आई, दादा, या. आज सगळे एकदमच बसू."

आईने पाट काढले. तिने पाचवा पाट मांडला... माणसं चारच होती, पण तिने मांडला.

"भावजी, लिंबू राहिलं," वहिनी म्हणाली आणि विळी ओढून चिरायला बसली. वांगं आधी उतरलं, मागून बाकीच्या.

दुसऱ्या दिवशी सातची गाडी वेळेवर गेली. हणमंतने वहिनीची रिकामी बॅग माळ्यावर टाकली, आणि उरलेलं कुसकुस डब्यात भरून फडताळात ठेवलं. रवा चार बोटं सरकला.