सुक्या मालाला कडता नाही

निमखेड्याच्या निवासी शाळेत सहावीला मुलं वजनावर घेतात. शाळेत एक काटा आहे. त्यावर मूल उभं केलं की अंगाचं, कपड्यांचं, चपलांचं वजन दिसत नाही. शिकलेलं तेवढंच भरतं. चाळीस किलो भरलं तर प्रवेश. नाही भरलं तर घर.

त्यामुळं परीक्षेच्या वर्षी मुलं वाकतात. दिवाळीनंतर त्यांना जिना चढवत नाही. तुपे सरांच्या क्लासबाहेर संध्याकाळी पालक हातगाड्या घेऊन उभे असतात. सोपानआबा मात्र नातीला पाठीवरून नेत. छत्तीस वर्षं त्यांनी बाजार समितीत मापाड्याचं काम केलं होतं. गाडीत घालायला मयुरी काही कांद्याची गोण नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मयुरीचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. गावातली शाळा पाचवीला संपत होती. निवासी शाळेनं घेतलं नाही, तर पुढच्या हंगामात कोयता मयुरीच्या हातात येणार, हे ठरलेलं होतं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा तुपे सरांनी फळ्यावर वजनं लिहिली. मयुरी त्रेचाळीस.

"आबा, पोरगी तयार झाली," सर म्हणाले.

आबांनी फळ्याकडं सावकाश पाहिलं. "कडता किती धरत्यात, सर?"

"चार किलो. नवं पाठांतर ओलं असतं ना. पुढं वाळून उतरतं, म्हणून शाळा आधीच कापून घेते."

"म्हंजी एकुणचाळीस."

"म्हणून तर आता रोज सहा तास बसवणार. सत्तेचाळीसवर नेतो."

आबांनी पोत्यात हात घालावा तसा मयुरीच्या केसांत हात घातला. केस दमट लागले. "सतरा चोक?" त्यांनी विचारलं.

"अडुसष्ट," मयुरी म्हणाली, आणि तिच्या कानातून एक थेंब ओघळला.

"सर, ह्यो माल नासंल. ओल्यावर दाब दिला की आतून तापतो. मग मोड येत्यात."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या कानामागं मोड आलेच होते. सर तिच्याकडं कौतुकानं बघत म्हणाले, "मोडांनी वजन वाढतंच की."

आबांनी मयुरीला पाठीवर घेतलं.

"पंधरा दिवस राहिलेत आणि तुम्ही अभ्यास बंद करताय?" सर मागून ओरडले. "पोरीचं वाटोळं कराल!"

"बंद न्हाई, सर. वाळवतो."

दुसऱ्या दिवशी आबांनी अंगण सारवलं, गोधडी अंथरली आणि सकाळच्या उन्हात मयुरीला तिच्यावर निजवलं. नवीन काही पाठ करायचं नाही. जे भरलंय ते एकेक काढून आबांना सांगायचं. आबा दोन इयत्ता शिकलेले. त्यांना काहीच पटकन कळत नसे.

"अपूर्णांकाला भागायचं तर दुसरा उलटा करून गुणायचं," मयुरी सांगे.

"उलटा का बरं?"

"सरांनी सांगितलंय."

"सरांनी सांगितलं, ते बराबर. पर उलटा का?"

मग मयुरी भाकरी मोडून बघे. अर्धी भाकरी, तिच्यात पाव भाकरी किती वेळा बसते. दोनदा. थांबून ती पुन्हा मोडे. तिला जे समजावून देता येई ते वाळून टणक होई. जे देता येत नसे त्याची वाफ होऊन जाई. ती वाफ अंगणावरून वर जाताना दिसे, आणि आबा टोपी सारखी करून तिच्याकडं बघत राहत. हाताशी आलेलं जात होतं. पण त्यांनी गोधडी उचलली नाही.

"आबा, चाळीसाच्या खाली गेलं तर?"

"न्हाई जाणार."

"आणि गेलं तर मी आईबरोबर उसाला जाणार ना?"

आबांनी तिच्या केसांत हात घालून पाहिलं. "कूस बदल," ते म्हणाले. "डावी बाजू ओली हाय अजून. भूगोल सांग."

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या अंगणात रांग लागली होती. चव्हाणके मॅडम काट्याशेजारी वही घेऊन बसल्या होत्या. तुपे सरांची मुलं सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस भरत होती. कडता वजा होऊन आत जात होती. मयुरी काट्यावर चढली. काटा हलला, मागं आला, थांबला.

"चाळीस किलो शंभर ग्रॅम. वजा चार," मॅडम म्हणाल्या. "पुढचा."

"बाई," आबा म्हणाले, "कडता ओलीचा असतो न्हवं?"

"हो. नियम सात."

"ह्यो सुका माल हाय."

मॅडमनी नियम सात पूर्ण वाचला. मग मागचं पान पाहिलं. "असा उमेदवार आजवर आलेला नाही."

"आता आलाय."

"कोरडेपणाचा दाखला आणलाय?"

"दाखला न्हाई. माल हाय. हलवून बघा. दाणा वाळला की वाजतो."

"आजोबा, रांग खोळंबलीय," मागून तुपे सर म्हणाले. "हा काय भुसार बाजार आहे?"

"सर, पोत्यावर बसून मापाड्याला शिकवू नये."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांनी तुपे सरांच्या एका मुलाला खांद्याला धरून हलवलं. आतून डुबुक डुबुक झालं. मग त्यांनी मयुरीला हलवलं. वाळलेल्या तुरीच्या शेंगांसारखा खुळखुळ आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. मॅडमनी कान जवळ नेला आणि दुसऱ्यांदा हलवलं, कारण नोंद करण्यापूर्वी खात्री दोनदा करावी लागते.

त्यांनी वहीत लिहिलं: चाळीस किलो शंभर ग्रॅम. कडता निरंक. प्रवेश मंजूर.

शिपाई मयुरीला वसतिगृहात न्यायला पुढं आला. "कंबरेनं नगं, गुडघ्यातनं उचला," आबांनी त्याला सांगितलं. "आन् डाव्या अंगाला जरा झुकती ती."

"आबा," शिपायाच्या पाठीवरून मयुरी म्हणाली, "दुपारी उन्हात नका बसू."

"का बरं?"

ती हसली. तेवढ्यानंही आत थोडं वाजलं.

आबा फाटकाबाहेर पडले, तर पाऊल नीट पडेना. पाठ रिकामी, त्यामुळं प्रत्येक पाय ठरल्यापेक्षा पुढं जाऊन पडत होता. दोनदा ते पडता पडता वाचले. मग ते बाजार समितीत गेले. जुन्या ओळखीच्या हमालांना त्यांनी अडचण सांगितली. त्यांना ती लगेच समजली. चाळीस किलो बाजरीचं पोतं त्यांनी आबांच्या पाठीवर चढवलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राहू द्या म्हणाले.

आता चाल नीट झाली. ओढ्याच्या वळणावर आबा थांबले, खांदा जरासा हलवला आणि कान दिला.

वाजलं. मग ते घराकडं निघाले.