तीस चंबू आणि आयुधपूजा

"मॅडम, आता अंदाजपंचे दाहोदरसे बंद. तीस चंबू, एक फेरी, निकाल हातात," असं मुगिलनने त्याच्या गाईड तामरैसेल्वी मॅडमना छातीठोकपणे सांगून टाकलं.

वाणियंबाडीत कातडी कमावणाऱ्यांना केस काढायला चुना लागतो. मुगिलनचे जिवाणू एक एन्झाइम बाहेर टाकत आणि तेच ते काम करी. ते जास्तीत जास्त कशाने सुटतं, एवढंच शोधायचं होतं. कोंडा, मळी, मीठ आणि सोड्याची प्रमाणं संख्याशास्त्राने ठरवलेली, नंबर मुद्दाम विस्कटलेले, आणि सहा चंबू ताळा पाहायला अगदी एकसारखे. शुक्रवारी पीएचडीचा शेवटचा सेमिनार होता. तो हुकला की वर्षही गेलं आणि शिष्यवृत्तीही.

काचेचे ते चंबू सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर चढवून पठ्ठ्या निर्धास्तपणे आयुधपूजेला गावी गेला.

परतल्यावर मोजतो तो काय, एन्झाइम चौपट! तो नाचतच मॅडमकडे गेला. मॅडमनी कोष्टक पाहिलं.

"चौपट कशामुळे?"

"कॉम्प्युटर म्हणतो, कोंड्यामुळे नाही."

"मिठामुळे?"

"नाही. मळीमुळे नाही, सोड्यामुळेही नाही."

"मग तुझ्या पुण्याईने? आणि या सहा जुळ्यांत एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही."

मुगिलन प्रयोगशाळेत परतला. त्याने सूत्रं तीनदा तपासली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. शेवटी एक चंबू उचलून पाहिला. त्यावरचा आकडा सुरेख होता. त्याचं अक्षर कधीच सुरेख नव्हतं.

त्याने प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अंगयर्कण्णी अक्कांना गाठलं.

"अक्का, नंबर तुम्ही घातले?"

"मग? पूजेला सगळं घासूनपुसून चंदनकुंकू नको लावायला? तुझी शाई गेली पुसून. नाहीतरी सतरा, शेजारी चार, मग एकोणतीस. बालवाडीतलं पोर तरी असं मोजतं का रे तंबी? मी ओळीने मांडून एक ते तीस घातले."

कुठल्या चंबूत काय, हेच आता कळणार नव्हतं; मुगिलन अक्कांना घेऊन मॅडमकडे गेला.

"आणि यंत्र?" मॅडमनी विचारलं.

"त्या दिवशी अवजाराला विश्रांती असते, मॅडम. बंद ठेवलं. चंबूत जीव आहेत असं हाच सांगतो, म्हणून त्यांनाही प्रसाद दिला. चुरमुरे, डाळं, गूळ. कुटून, चिमूटभर."

"तिसांनाही?"

"एकाला देऊन बाकीच्यांना उपाशी ठेवू?"

"डाळं," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "प्रथिनं मिळाली त्यांना. अक्का, चिमूट म्हणजे किती?"

"चिमूट म्हणजे चिमूट."

मॅडमनी काटा मागवला. अक्कांनी तीस चिमटी टाकल्या. पहिली भरली चारशे मिलिग्रॅम, दुसरी चारशे एक, तिसरी पुन्हा चारशे. तिसावीपर्यंत काटा तिथून हलायला तयार नव्हता. मॅडमनी मग मुगिलनची मीठ मोजल्याची वही चाळली; त्यातला एकही आकडा ठरलेल्या मापाशी जुळत नव्हता. मुगिलनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शुक्रवारी सेमिनार होईल, मिठाकोंड्यावर नाही, प्रसादावर," त्या म्हणाल्या. "तुझं वर्ष वाचलं. पण प्रश्न आले की उत्तरं अक्का देतील. तोवर तू चंबू धू."

अक्कांनी मान डोलावली. "धुवू दे. नंबर मात्र मीच घालीन."