आप्पांची साइट उघडेना

चष्मेवाल्या आप्पांनी पुन्हा एकदा पासवर्ड टाकला. साइटने तो निमूटपणे घेतला, जरा वेळ गोल गोल फिरली आणि परत नाव विचारायला लागली. दुपारपासून हाच खेळ चालला होता. आप्पा नाव सांगायचे, साइट हो म्हणायची आणि पुढच्याच क्षणाला ओळख विसरायची. खाली बारीक अक्षरांत काहीतरी सूचना येत होती, पण ती कुणाला दाखवायची सोय नव्हती.

कारण साइट होती उतारवयात जोडीदार शोधणाऱ्यांची. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा गुणी, सून त्याहून गुणी, कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. पण संध्याकाळी खालचं चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली करून आप्पा जिना चढून घरात आले, की त्यांना फार एकटं वाटायचं. त्यांच्या स्टुडिओवाल्या मित्राने हे ओळखलं, त्यांचा बरा दिसेल असा फोटो काढला आणि आपल्याच स्टुडिओत बसून खातं उघडून दिलं. काल तिथेच भूगोलाच्या एका निवृत्त बाईंचा निरोप आला होता. "परवा सकाळी तळ्याकाठी फिरायला जाणार आहे. यायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर नाही असं समजेन. वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही."

आप्पांना बाई तिथल्या तिथे आवडल्या. पण लगेच होकार दिला तर उतावळे दिसू, म्हणून त्यांनी एक रात्र मध्ये जाऊ दिली. नेमका आज मित्र स्टुडिओला कुलूप लावून परगावी गेलेला. राहता राहिला घरचा लॅपटॉप, आणि तो सगळ्यांचा. मागे काडीचीही खूण राहता कामा नये, असं आप्पांनी मित्राला फोनवर बजावलं. त्याने सांगितलेली सगळी बटणं बंद केली, आणि सावधगिरी म्हणून न सांगितलेलीही दोन-चार बंद केली.

शेवटी नाइलाज झाला तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारली आणि पडद्यावर वर्तमानपत्र धरून, एक साइट उघडत नाही, असं मोघम सांगितलं. कुठली, असं तिने विचारल्यावर चष्म्याच्या फ्रेम्सची म्हणाले. सुनेला शाळेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. तिने लांबूनच सांगितलं, की जुना इतिहास पुसून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने होतं. इतिहास पुसायचा म्हटल्यावर आप्पांना हुरूप आला. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पुसलं.

साइट काही उघडली नाही, पण बाकीचं सगळं बंद पडलं. सुनेच्या शाळेचं पान तिला ओळखेना. मुलगा गिऱ्हाइकाला खाली बसवून ऑर्डर टाकायला वर आला, तर व्यापाऱ्याची साइट त्यालाही दारात उभं करेना. पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, कारण तो आठवायची वेळच कधी आली नव्हती.

"आप्पा, फ्रेम्सची साइट तर मी रोज उघडतो," मुलगा म्हणाला. "तुम्ही कुठली उघडताय?"

"हवामानाची," आप्पा म्हणाले.

"हवामान बघायला पासवर्ड लागतो?"

"सविस्तर बघायचं असेल तर लागतो."

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने पेन खाली ठेवलं, वर्तमानपत्राला हात न लावता कोपऱ्यातून सेटिंग्ज उघडल्या आणि कपाळाला हात लावला. कुकीज सगळ्याच्या सगळ्या अडवलेल्या होत्या. तिने वर्गात समजावतात तसं समजावलं. तुम्ही आत शिरलात, की साइट तुमची ओळख म्हणून एक छोटी चिठ्ठी या लॅपटॉपमध्ये ठेवते. ती ठेवूच दिली नाही तर पुढचं पान तुम्हाला ओळखणार कसं?

"पण चिठ्ठी ठेवली, की ती मागे राहणार," आप्पा म्हणाले.

"राहणारच. आपण आत जायचं आणि आपण गेलो हे कुणालाच कळू द्यायचं नाही, असं कसं जमेल?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं. लोक हसतील याची भीती एकीकडे, आणि बाई नाही समजतील याची दुसरीकडे. दुसरी भीती मोठी निघाली. त्यांनी दोघांना पाठ करून उभं राहायला सांगितलं, कुकीजचं बटण सुरू केलं आणि पासवर्ड टाकला. या वेळी साइटने नाव विचारलं नाही. तिने वेगळंच सांगितलं, आणि ते वाचून आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. गुपित वगैरे विसरून त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"आत येणारी व्यक्ती तुम्ही नाही, असं तुम्हीच कळवल्यामुळे खातं बंद करण्यात आलं आहे. अरे, मी कधी कळवलं? मी तर इथेच बसलोय."

सून सावकाश वळली. तिने आधी आप्पांकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. घरादाराची म्हणून एकच मेल होती, मित्राने खातं उघडताना तीच दिली होती, आणि ती तिघांत फक्त आप्पांच्या फोनवर उघडत नव्हती. चिठ्ठी न ठेवणारे आप्पा साइटला दर खेपेला परका माणूस वाटत होते, आणि दर खेपेला ती घरी मेल पाठवून खात्री करून घेत होती.

"आप्पा, दुपारपासून एकसारख्या मेल येताहेत," ती म्हणाली. "जोडीदार शोधायच्या साइटवर तुमच्या नावाने कुणीतरी शिरतंय म्हणून. मला वाटलं, कुणी भामटा आहे. मगाशी मीच दाबलं, हे आम्ही नाही."

"मी तर जाहिराती समजून पुसत होतो," मुलगा म्हणाला. "म्हटलं, आपले आप्पा कशाला..." आणि वाक्य तिथेच सोडून तो वर्तमानपत्राची घडी घालायला लागला.

आप्पांचे कान लाल झाले. झाकली मूठ त्यांनी दिवसभर झाकली होती, आणि साइट तासातासाला ती घरभर उघडून दाखवत होती. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं, पण ते वरच्या मजल्यावर होते.

"खातं परत चालू करता येतं," सून हलकेच म्हणाली. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यावर एकच प्रश्न होता, हे तुम्हीच का? "हे मी नाही दाबणार. तुमचं तुम्ही दाबा."

मुलगा आणि सून, दोघंही बघत होते. कुणी हसत नव्हतं. आप्पांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "मीच आहे. मला सोबत हवी आहे." मग त्यांनी हो दाबलं.

मुलगा खोकल्यासारखं करून खाली गिऱ्हाइकाकडे गेला. सून उत्तरपत्रिकांशी जाऊन बसली, मात्र पान उलटेना. आप्पांनी दोन बोटांनी टाइप केलं, "नक्की येतो." उत्तर लगेच आलं. वाट बघत बसणं स्वभावात नसलेल्या बाई बहुतेक फोन हातात घेऊनच बसल्या होत्या.

"या. पण घरी सांगून या. लपूनछपून काही करणं मला पटत नाही."

"घरी सगळ्यांना माहीत आहे," आप्पांनी ताबडतोब कळवलं. कधीपासून, ते मात्र लिहिलं नाही.