या घरची चव

लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, नवऱ्याची सिगारेट सोडवणं हेच काय ते संसारातलं अवघड काम. बाकी सगळं बरं होतं. नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत, स्वभावाने गरीब. वरच्या मजल्यावर सासूसासरे, खाली ही दोघं. भांडायला कारण म्हणाल तर एकच, धूर. पडद्यांना धूर, उशांना धूर, कपाटातल्या ठेवणीतल्या कपड्यांना धूर. संध्याकाळी दार उघडलं की आधी वास आत यायचा आणि त्याच्या मागून नवरा.

स्वयंपाक मात्र ती आल्या आल्या शिकली. पहिल्या दिवशी तिने माहेरच्या हाताने डाळ आणि भाजी केली. नवऱ्याने निमूटपणे जेवून काळजीने विचारलं, "तुला बरं नाहीये का?" (आजाऱ्याचं जेवण वाटलं असणार.) दुसऱ्या दिवशी ती वर जाऊन सासूबाईंची शिष्या झाली.

सासूबाईंचा हात सढळ. मीठ चमच्याने नव्हे, मुठीने. तिखटाची फोडणी पडली की शेजारचं मांजर शिंकत जिना उतरायचं. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग आणि ओठांत सिगारेट. जेवायला बसले की भिंग काढायचे, सिगारेट विझवायचे आणि घासाघासाला मान डोलवायचे. "याला म्हणतात चव."

सुनेने पहिला घास घेतला तेव्हा तिच्या दोन्ही कानांतून वाफ गेल्यासारखं झालं. पण नव्या सुनेने तोंड मिटून ठेवायचं असतं (आईने सांगितलं होतं, अर्थात वेगळ्या कारणासाठी), म्हणून तिने ते मिटलेलंच ठेवलं. या घरची चवच अशी, तर अशी. ती शिकली, आणि मन लावून शिकली. लवकरच नवरा बोटं चाटत म्हणाला, "अगदी आईच्या हातचं." ती सुगरण ठरली. गल्लीत तसा बोभाटा झाला. तिला ते इतकं गोड वाटलं, की स्वतः भातात दूध कालवून खाताना तिला काही दुःख होत नसे.

दुःख जिन्याचं होतं. आईबाबांना भेटून यायला नवरा एक मजला चढायचा आणि वर पोचेपर्यंत कपाट खांद्यावर आणल्यासारखा धापा टाकायचा. शेवटी तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात भिंतीवर सिगारेट सोडण्याच्या फायद्यांचा तक्ता होता. नंबर येईपर्यंत तिने तो त्याला वाचून दाखवला. खोकला जातो, दम टिकतो, झोप लागते. "आणि हे बघा, जिभेला चव आणि नाकाला वास परत येतो." हे तिने दोनदा वाचलं. (पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर आवाज असा खणखणीत हवा.)

नवऱ्याने सोडली. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. कचेरीत त्याने इतक्या पेन्सिली कुरतडल्या, की साहेबांनी उंदरांचा सापळा मागवला. घरी तो कपाटाच्या दाराशी भांडला, बादलीशी भांडला. ती मात्र जवळ बसली, आणि त्याचा हात खिशाकडे गेला की तो हातात घेत राहिली. आणि खरंच, दिवस पालटले.

आधी नाक आलं. एका संध्याकाळी कोचावर बसता बसता तो थबकला. "इथे कोण ओढतं?"

"तुम्ही ओढायचात."

तो बराच वेळ पडद्याचं टोक नाकाशी धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आणि तू या वासात राहायचीस?" त्याने पडदे उतरवले आणि स्वतः धुतले. तिला भरून आलं. इतकं भरून आलं, की त्या दिवशी तिने भाजीत आपली सगळी विद्या ओतली.

आणि नेमकी त्याच दिवशी जीभ आली.

पहिल्या घासाला त्याचं चावणं थांबलं. कान लाल झाले. त्याने पाण्याचा तांब्या सरळ तोंडाला लावला.

"आज काही वेगळं केलंस का?"

"नाही. नेहमीचंच."

"नेहमी हे असं असतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. आता काय सांगणार? तुमच्या आईने शिकवलं म्हणावं तर आगलावी ठरणार, आणि न म्हणावं तर सुगरणपण गेलं. तिने न म्हणणं पत्करलं. त्याने दुधात भात कालवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की हात बिघडतो कधीकधी माणसाचा. रविवारी आईकडे जेवू, म्हणजे तुझं कुठे चुकतंय ते तुझं तुलाच कळेल.

रविवारी तो धापा न टाकता जिना चढला, वरून वळून तिच्याकडे बघून हसलाही. ताटावर बसला. आईच्या हातचा घास तोंडात घातला, आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

सासूबाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "माझ्या मुलाला काय केलंस तू?"

"सिगारेट सोडली त्यांनी, आई. चव परत आलीये."

सासूबाई स्टुलावर मटकन बसल्या. मग हळू आवाजात एकेक बाहेर आलं. त्याही माहेरून चांगलं रांधायला शिकून आल्या होत्या. पण धुरामुळे नवऱ्याला चवच लागेना. म्हणून चिमूट वाढवली, मग चमचा, मग मूठ. "आता माझी जीभही त्यालाच सरावली. मीठ कुठे थांबवायचं ते मला कळत नाही गं. ह्यांना सिगारेट सोडा म्हणून मी कधी म्हटलं का? उगीच नाही."

बाहेर मुलगा बापाला आपला दम सांगत होता, झोप सांगत होता, पडद्यांची गोष्ट सांगत होता. (जेवणाबद्दल चकार शब्द नाही, मुलगा गुणाचा.) तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला, "मग मीही सोडतो."

सासूबाई उठल्या. हात धुतले, तोंड पुसलं, बाहेर गेल्या आणि शांतपणे जाहीर केलं, की आपण आता थकलो. उद्यापासून दोन्ही घरचा स्वयंपाक सूनबाई करेल. झारा त्यांनी तिथेच सुनेच्या हातात दिला.

सून घाबरली नाही. खाली येऊन तिने माहेरचा लहान चमचा शोधून काढला. नवरा पहिल्याच घासाला डोळे मिटून म्हणाला, "हे तू कुठे शिकलीस?" सासऱ्यांनीही सिगारेट सोडली, आणि वर रोज डबे जाऊ लागले. सासऱ्यांची चव परत येईल त्या दिवसाची ती वाट पाहत राहिली. आपलं सुगरणपण त्या दिवशी पक्कं होणार होतं.

तो दिवस आला. डबा घेऊन ती स्वतः गेली, वाढलं, आणि दाराशी उभी राहिली. सासरे एकेक घास घोळवून जेवले, बोटं चाटली, ताट पुसून लख्ख केलं.

"छान झालंय हो सूनबाई," ते म्हणाले. मग बायकोकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. "पण हिच्या हातची सर नाही. नाकातून पाणी यायचं, कपाळाला घाम फुटायचा. जेवलो असं वाटायचं माणसाला."

सासूबाईंनी नम्रपणे मान खाली घातली. "लहान आहे अजून," त्या म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."