बंदूकबंदीचा ठराव

बेल वाजली तेव्हा लीनाच्या मांडीवर कश्मिरा नुकती डोळे मिटत होती. बाळाला तसंच खांद्यावर टाकून तिने दार उघडलं. दारात घरमालकीण मुनीरा उभी होती. तिच्या हातात लीनाच्या लेकाची, मयुरेशची, पाण्याची बंदूक होती. मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी तिने ती दोन बोटांत धरली होती. तिच्या मागे दोन पायऱ्या खाली तिचा नवरा इलियास उभा होता. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा पायघोळ अरबी थोब, आणि छातीपासून कमरेपर्यंत लालभडक डाग. लीनाला ते रक्तच वाटलं. मग डागाला ओळखीचा वास आला. आमसूल.

झालं होतं एवढंच. उन्हाळ्यात बहारीनच्या या माहूज भागात नळाला पाणी येतं ते थेट चहाला टाकावं असं. टाक्या गच्चीवर, वर सूर्य. अशा पाण्याने कुणाला भिजवलं तर ते भाजतं, हे मुलांना अनुभवाने कळलं होतं. म्हणून मयुरेशने शहाण्यासारखं फ्रिजमधलं गार पाणी घ्यायचं ठरवलं, आणि पुढची बाटली हाताला लागत नव्हती म्हणून मागची घेतली. मागच्या बाटलीत लीनाने केलेलं आमसुलाचं सरबत होतं. जिन्यात नेम धरला होता शेजारच्या अक्षतावर. अक्षता खाली वाकली, आणि त्याच वेळी इलियास बाहेर जेवायला निघाला होता.

"सिस्टर, इस के अंदर क्या था?" मुनीराने विचारलं.

लीना सांगणार, तेवढ्यात आतून तिचा नवरा जयप्रकाश आला. दुपारच्या झोपेतून उठलेला, एका गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी. तो एका कंपनीत अकाउंटंट होता आणि कुठल्याही प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं नाही ही सवय त्याला ऑडिटरांनी लावली होती. "मॅडम, वी विल टेक अ‍ॅक्शन," तो म्हणाला.

मुनीराने बंदूक त्याच्या हातात दिली. "नेक्स्ट जुम्मा तुम का बच्चे का बर्थडे है ना, ऊपर? अच्छा है, करो. लेकिन ऐसा दुबारा हुआ, तो छत खलास."

दार लागलं. सोफ्यामागून मयुरेशचं नुसतं कपाळ वर आलं. "आई, पार्टी कॅन्सल?"

गेल्या वर्षी वाढदिवसाला त्याला कांजिण्या आल्या होत्या. केक खिडकीतून दाखवावा तसा दाखवला होता, आणि पाहुणे म्हणून फक्त डॉक्टर आले होते. तेव्हाच लीनाने कबूल केलं होतं, पुढच्या वर्षी गच्चीवर, सगळ्या वर्गाला बोलवू. फ्लॅट एवढासा, त्यात वर्ग मावणार नव्हता. "कॅन्सल कशी होईल," ती म्हणाली. "होणार म्हणजे होणार." पण म्हणताना तिने बाळाला जरा घट्ट धरलं.

संध्याकाळी जयप्रकाशने बैठक बोलावली. शेजारचे हरिदास आणि कांता आले. हरिदास मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञ, माणूस नागपूरचा, बोलण्यात घाई नाही. अक्षता त्यांचीच मुलगी. कश्मिरा शेजारच्या खोलीत नुकती झोपल्यामुळे बैठक कुजबुजत घ्यायची असं लीनाने बजावलं होतं. टीव्हीचाही आवाज बंद होता. पडद्यावर अमेरिकेतले सूटवाले लोक एकमेकांना बंदुकांचे फोटो दाखवत तावातावाने भांडत होते.

"बघताय ना?" जयप्रकाश कुजबुजला. "महिनोन् महिने चाललंय. असॉल्ट वेपन म्हणजे नेमकं काय, यावरच अडलंय. आधी व्याख्या. व्याख्या नसेल तर बंदी कशावर घालणार?"

"भाऊ, आपल्याकडं दोन पोट्टे अन् एक पिचकारी आहे," हरिदास म्हणाला.

"आज एक आहे."

"मी तर म्हणते सगळ्याच फेकून द्या," कांता म्हणाली. "कायले पाहिजे बंदूक घरात."

"वहिनी, सरसकट बंदी नाही घालता येत. मुलांचेही हक्क आहेत." जयप्रकाशने चष्मा लावला. "खांद्याला टेकवायचा दांडा, काढता-घालता येणारी टाकी, आणि एकदा दाबलं की पाणी येतच राहणं. या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील ती बंदूक घातक. एकच असेल ती साधी, ती चालेल."

"म्हणजे दिसायला भारी तेच्यावर बंदी. अन् उद्या कोणी साध्या पिचकारीनं भिजवलं तर?"

"तो वेगळा मुद्दा आहे. आणि एक. मागच्या तारखेपासून कायदा लावता येत नाही. म्हणून येत्या गुरुवारच्या आधी घेतलेल्या बंदुकांना हा ठराव लागू नाही."

लीनाने नवऱ्याकडे पाहिलं. मयुरेशची बंदूक त्यानेच आणली होती. दुकानात ती खांद्याला लावून, एक डोळा मिटून तो कितीतरी वेळ उभा होता. सेल्समनने दोनदा विचारलं होतं, बच्चे के लिए है ना. ही सूट कुणासाठी आहे ते तिला कळलं.

"सूचक हरिदास, अनुमोदक सौ. कांता," जयप्रकाश पुटपुटला, आणि ठराव टाइप होऊन दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दाराशेजारी लागला.

बिल्डिंगमधल्या मुलांना वाचता चांगलं येत होतं. पहिली दोन कलमं त्यांनी सोडून दिली आणि तिसरं मनावर घेतलं. गुरुवारच्या आत घेतलेली चालते. शनिवारी केरळच्या जुळ्या भावांकडे बंदुका आल्या, रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या पाकिस्तानी मुलांकडे, सोमवारी ज्यांना कधीच बंदूक नको होती त्यांच्याकडेसुद्धा. एरवी बाहुलीशी खेळणाऱ्या मुली आयांच्या पदराला लोंबकळून म्हणू लागल्या, नंतर मिळणार नाही. मंगळवारी लीना कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, फुगे आणायला गेली, तर दुकानदार इक्बाल हात जोडून उभा राहिला.

"बहनजी, भाईसाब को मेरा सलाम बोलना. साल भर का माल गया. एक ही बचा था, सब से बडा, दो टंकी वाला. वो भी सुबह एक साहब ले गए."

"कौन साहब?"

"वो मैं नहीं बोलेगा," इक्बाल म्हणाला. "बडे आदमी हैं."

ज्यांना गुरुवारच्या सवलतीचा भरवसा नव्हता त्यांनी डोकं चालवलं. अक्षता जयप्रकाशला लिफ्टमध्ये भेटली. तिच्या बंदुकीचा मागचा दांडा सुरीने कापलेला होता. "अंकल, बघा. दांडा इज गॉन. टाकी निघत नाही, मी ग्लूने चिकटवली. नाऊ ओन्ली वन थिंग. सो अलाउड."

जयप्रकाशला तिच्यात भावी ऑडिटर दिसला आणि तो घाबरला.

बुधवारी पुन्हा बैठक, पुन्हा कुजबुजत. "आधी बिल्डिंगीत एक होती," कांता म्हणाली. "आता मोजता येत नाही. गुरुवारच्या आत घ्या म्हणून तुम्हीच तर सांगितलं पोट्ट्यांले."

"मी असं सांगितलं नव्हतं."

"लिहून लावलं होतं."

जयप्रकाशने हे मनाला लावून घेतलं. "दिसण्यावर गेलो तिथेच चुकलं. आता कामावरून व्याख्या. दोन हातांपलीकडे पाणी फेकणारं कोणतंही साधन, मग ते दिसायला कसंही असो, म्हणजे बंदूक. सगळ्या जमा. जो वापरेल तो पार्टीत जिन्यापाशी उभा राहील आणि त्याला केक नाही."

"कोणतंही?" हरिदासने विचारलं.

"कोणतंही."

हरिदासने बाथरूमच्या दिशेने पाहिलं. "मग संडासातल्या पाइपचं काय करता? मोठ्ठी टाकी, न थांबता मारा. अमेरिकेत घाबरतीन त्याले."

कांताला हसू आवरेना. हसणं दाबताना तिच्या घशातून जो आवाज निघाला त्याने कश्मिरा जागी झाली आणि पूर्ण ताकदीनिशी रडू लागली. बैठक तिथेच संपली. नवीन कलम तेवढं जुन्यांच्या खाली चिकटवलं गेलं. जुन्या कलमांचं काय करायचं, हे कुणी बोललंच नाही.

गुरुवारी संध्याकाळी बिल्डिंगमधल्या सगळ्या बंदुका लीनाच्या बाथटबमध्ये येऊन पडल्या. शेवटी मयुरेश आला. त्याने आपली बंदूक ढिगावर न टाकता कडेला, नळाखाली, नीट उभी ठेवली. "आई, आता तरी पार्टी होणार ना?"

"होणार."

"मुनीरा आंटी म्हणाली?"

"मी म्हणतेय ना." तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस घामाने चिकट लागले. सगळा दिवस तो बिनबंदुकीचा खेळला होता, म्हणजे नुसता पळत होता.

शुक्रवार उजाडला. गच्चीवर आठवड्याची वाळू साचली होती, ती धुवायचं काम जयप्रकाशने आनंदाने घेतलं. हाफ पँट, पायात स्लिपर, हातात लांब रबरी पाइप. मयुरेश आणि अक्षता फुगे फुगवत होते, हरिदास शिडीवर चढून पताका बांधत होता, लीना आणि कांता टेबलं पुसत होत्या. जयप्रकाशने नळ सोडला आणि ओरडला, "आई गं." पाइप सकाळपासून उन्हात पडला होता. आतलं पाणी उकळत होतं.

अशा वेळी बहारीनमध्ये जो तो जे करतो तेच त्याने केलं. आधीचं गरम पाणी वाया घालवायचं. इथे केक ठेवायचा, इथे मुलं, म्हणून त्याने पाइपचं तोंड कठड्याबाहेर धरलं आणि गार होण्याची वाट बघत उभा राहिला. फरशीचा विचार त्याने केला, खालचा नाही. पाणी जरा कोमट होतंय असं वाटत होतं, तेवढ्यात खालून एक अरबी वाक्य वर आलं. लांबलचक वाक्य होतं.

हरिदासने शिडीवरून खाली डोकावून पाहिलं. "भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "थोब नवा दिसते."

जिन्यात पावलं वाजली. आधी मुनीरा आली, मागून इलियास. डोक्यापासून पायापर्यंत निथळत. लीनाने मयुरेशचा हात धरला. तो हात फुग्याच्या पावडरीने माखलेला होता. एवढा बाथटब भरला, आणि शेवटी हे.

"कौन?" मुनीराने विचारलं.

दोन्ही मुलं आपोआप ओळीत उभी राहिली आणि रिकामे तळवे दाखवू लागली. मग सगळ्यांच्या नजरा जयप्रकाशकडे गेल्या. पाइप अजून त्याच्या हातातच होता आणि अजून चालूच होता.

"दोन हातांपलीकडे पाणी फेकणारं कोणतंही साधन," अक्षताने म्हणून दाखवलं. "मग ते दिसायला कसंही असो."

जयप्रकाशने नळ बंद केला आणि पाइप गुंडाळून मुनीराच्या पायाशी ठेवला. "मॅडम, सजा मुझे दीजिए. छत मत बंद कीजिए. बच्चा साल भर से..." लीनाला त्या क्षणी तो हाफ पँटीतला माणूस फार आवडला.

इलियासने तोंडावरचं पाणी पुसलं. "आज तो खाली पानी है. सूख जाएगा." मग जरा संकोचून म्हणाला, "वो उस दिन का लाल वाला क्या था? थोडा मुंह में गया था."

"पूरा हफ्ता पूछ रहा है मेरे को," मुनीरा म्हणाली. "मैं तो उस दिन इन से पूछी. ये बोला, टेक अ‍ॅक्शन."

"आमसूल," लीना म्हणाली, आणि तिला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. "शरबत है. शाम को ग्लास में देती हूं."

"तो छत मफी प्रॉब्लेम, करो पार्टी," मुनीरा म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, एक अक्षता सोडून. "पण अंकलना केक नाही," ती म्हणाली. "रूल इज रूल. जिन्यापाशी उभं."

जयप्रकाश मान खाली घालून कबूल झाला. मयुरेश मात्र विचारात पडला. वाढदिवस त्याचा, आणि पप्पा जिन्यापाशी. "पप्पा, हा पाइप कधी आणला?"

"गेल्या वर्षी असेल. का रे?"

"गुरुवारच्या आधी. मग त्याला लागू नाही. ते कलम अजून लिफ्टपाशी आहे, यू डिडन्ट कट इट."

जयप्रकाशचा चेहरा उजळला. त्याने मुलाला उचलून घेतलं. "बरोबर आहे. अगदी बरोबर. जुना पाइप, सूट आहे."

"मग आमच्या पण जुन्या," अक्षता म्हणाली. "सगळ्यांच्या. सगळ्या गुरुवारच्या आधीच्या आहेत."

जयप्रकाशने एकदा पाइपकडे पाहिलं, एकदा मुलांकडे.

"व्याख्या झाली, भाऊ," शिडीवरून हरिदास म्हणाला. "आता भोगा."

संध्याकाळी सगळा वर्ग आला. केक कापून झाल्यावर बाथटब रिकामा झाला आणि कांताने आणलेल्या बर्फाच्या पाण्याने बंदुका भरल्या गेल्या. फ्रिजमधली मागची बाटली लीनाने स्वतः वर आणून ग्लासांत ओतली आणि टेबलापाशी पहाऱ्याला उभी राहिली. तिच्या डोळ्यांदेखत जयप्रकाश चारी बाजूंनी भिजत होता. मयुरेश इतका हसत होता की त्याला उचकी लागली होती.

जिन्याच्या दारात अक्षता तपासणीला उभी होती. तेवढ्यात इलियास वर आला. या वेळी त्याने जुना, गडद तपकिरी थोब घातला होता आणि दोन्ही हात पाठीमागे होते. पाठीमागून दोन टाक्या बाहेर डोकावत होत्या.

अक्षताने त्याला अडवलं. "अंकल, कब लिया?"

इलियासने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मंगलवार."

"जुनी आहे," अक्षता म्हणाली आणि बाजूला झाली.